बाई नाव सांगतात तेव्हा उभं राहायचं

भाड्याने जागा बघायला गेलं की लोक आडून आडून जात विचारतात, मासे शिजवता का विचारतात, पाहुणे फार येतात का विचारतात. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरमालकांनी यातलं एक अक्षरही विचारलं नाही. ते म्हणाले, "वर जा आणि चालून दाखवा."

लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नवऱ्याची नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, शिफ्टची. माझी पेणच्या शाळेत, गणित शिकवायची. दोघांपैकी एकाने रोज गाडीने जायचं-यायचं हे उघडच होतं, आणि आमच्याकडे असली कामं न ठरवताच माझ्या वाट्याला येतात. पुलापलीकडे अष्टमीत एक वरचा मजला रिकामा आहे असं कळलं म्हणून आम्ही गेलो, तर तिथे ही चालण्याची परीक्षा.

खालच्या खोलीत टेबलावर चावीचा ग्रामोफोन होता, पितळी कर्ण्याचा. घरमालकांनी त्याच्यावर एक काळी तबकडी ठेवली, चावी दिली, सुई टेकवली आणि नवऱ्याला म्हणाले, "हां, चला. स्वयंपाकघर ते बाल्कनी, आणि परत." तो चालून आला. गाणं नीट चालू राहिलं. मग माझी पाळी. माझं डोकं आधीच तापलं होतं, म्हणून मी मुद्दाम टाचा आपटत गेले. खाली सुई उडाली आणि गाणारी बाई एकाच तानेत अडकली. मी खाली आले तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले होते.

"ह्यांना जागा दिली," ते नवऱ्याकडे बोट करून म्हणाले. "मास्तरीण, तुम्ही ह्यांच्या बरोबर राहू शकता. पण अनवाणी."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी मास्तरीणच. त्यांच्या घरात 'बाई' हा शब्द राखीव होता. तो फक्त तबकडीत गाणाऱ्यांसाठी.

ते निवृत्त झाले होते. आयुष्यभर एका कंपनीच्या गेटवर टाइमकीपर म्हणून काम केलेलं. कोण किती वाजता आत आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, हेच बघण्यात तीस-बत्तीस वर्षं गेली. त्याचा परिणाम असेल, पण त्यांना लांबलेली कुठलीही गोष्ट सोसत नसे. लग्नातली भाषणं, टीव्हीवरच्या मालिका, माझी आणि भाजीवाल्याची घासाघीस, सगळ्यावर त्यांचं एकच म्हणणं, "तीन मिनिटांत सांगा." कारण त्यांच्या जुन्या तबकड्या तेवढ्याच वेळाच्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या गवयांना आणि गायिकांना एका कर्ण्याच्या तोंडाशी उभं करून गायला लावायचे आणि तीन-सव्वातीन मिनिटांत सगळा राग आटपायला लागायचा. "तेवढ्यात आलाप, बंदिश, तान, सगळं होतं," ते म्हणायचे. "उरलेले लोक तीन तास काय करतात, ते मला कोणी समजावून द्या." मैफलीला ते कधीच जात नसत.

तबकड्या किती होत्या मोजल्या नाहीत. पण त्या आडव्या ठेवल्या की वाकतात, उभ्याच ठेवाव्या लागतात, म्हणून त्यांनी काकूंचं, म्हणजे आपल्या बायकोचं, ताटाळं घेतलं होतं. भिंतीवरचं स्टीलचं ताटाळं, ज्याच्यात घरोघरी ताटं उभी असतात, त्याच्यात ह्यांच्या घरी मुलतानी आणि भैरवी उभी. काकूंची ताटं गोणत्यात, म्हणजे पोत्यात. पाहुणे आले की काकू गोणत्यात हात घालून खणखण करत ताटं शोधायच्या आणि मुद्दाम जरा जास्तच खणखण करायच्या. "चाळीस वर्षं झाली गो," त्या मला म्हणाल्या होत्या, "सवती भिंतीवर आणि मी गोणत्यात."

रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच हा ऐकण्याचा वेळ. त्या अर्ध्या तासात मिक्सर नाही, कुकरची शिट्टी नाही, नळ सोडायचा नाही, वर पाऊल वाजवायचं नाही. आमच्या घरात त्या चार वर्षांत वरण साडेपाचनंतरच शिजलं. एक तबकडी दिवसातून एकदाच लावायची, हा त्यांचा नियम. दुसऱ्यांदा लावली तर ती झिजते, आणि ऐकणाराही हावरट होतो. सुईसुद्धा लोखंडी चालत नसे. लोखंडाने तबकडीच्या रेघा खरवडल्या जातात, म्हणून ते करवंदीचे काटे वापरत. गागोद्याकडच्या डोंगरात जाऊन काटे आणायचे, सावलीत वाळवायचे, पॉलिशपेपरवर टोक काढायचं आणि तंबाखूच्या जुन्या डबीत ठेवायचे. प्रत्येक गाण्याला नवा काटा. लोक करवंदं आणायला डोंगरात जात, हे करवंदं तिथेच टाकून काटे आणत.

पण त्यांची खरी तऱ्हा शेवटच्या चार सेकंदांत होती. त्या काळच्या पुष्कळ गायिका गाणं संपलं की लगेच स्वतःचं नाव सांगत. तबकडी कोणाची आहे ते पुढे कारखान्यात कळावं म्हणून ती सोय केलेली असे, असं त्यांनीच मला सांगितलं. आता तुम्ही-आम्ही ते ऐकून हसलो असतो आणि सोडून दिलं असतं. घरमालक मात्र नाव कानावर पडलं की ताडकन उभे राहत, हात जोडत आणि आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम अष्टमी, असं सगळं त्या कर्ण्याला सांगत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. ते रागावले नाहीत. म्हणाले, "समोरच्या माणसानं नाव सांगितलं की आपण आपलं सांगावं. घरी शिकवलं नाय का तुम्हाला?"

त्यांच्याकडे इटलीच्या एका बाईचीही तबकडी होती, तिकडच्या संगीत नाटकातली. आवाज असा की वरच्या मजल्यावर माझ्या बांगड्या थरथरल्यासारख्या वाटत. ती बाई शेवटी नाव सांगत नाही. गाणं संपायचं, नुसती खरखर यायची. घरमालक तिच्यासाठीही उभे राहायचे, वाट बघायचे आणि मग नाराज होऊन बसायचे. "गळा मोठा हाय," ते म्हणायचे, "पण रीतभात नाय."

हे सगळं मजेचं होतं. मजेचं नव्हतं ते एकच, पेणच्या चाचांशी धरलेला अबोला.

चाचा पेणच्या मोहल्ल्यात राहायचे. तरुणपणी कतारला काचा बसवायच्या कामावर होते, परत येऊन पेणमध्ये काचांचंच दुकान काढलं. गणपतीच्या कारखान्यांमधल्या शोकेसना काचा त्यांच्याच. ते आणि आमचे घरमालक एकमेकांना नावाने हाक मारत नसत. हे त्यांना 'कतार' म्हणत, ते ह्यांना 'घड्याळ'. दोघांनाही जुन्या तबकड्यांचा एकच नाद. मुंबईच्या जुन्या बाजारात दोघं मिळून फिरायचे आणि तिथेच एकदा त्यांना ती तबकडी मिळाली. एकाच बाजूला गाणं कोरलेलं, दुसरी बाजू सपाट, इतकी जुनी. वरचा कागद निघून गेलेला. कोण गातंय ते फक्त शेवटी बाईंनी स्वतः सांगितलं म्हणून कळायचं. तशी दुसरी तबकडी दोघांनीही कुठे पाहिली नव्हती. ती दोघांची, सहा महिने रोह्याला, सहा महिने पेणला, असं ठरलं.

मग भांडण झालं ते वेगावरून. जुन्या काळात तबकडी कोणत्या वेगाने कोरली ते कोणी लिहून ठेवत नसे. ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायची एक खिटी असते. खिटी पुढे सरकवली तर तबकडी जोरात फिरते आणि आवाज चढा, पातळ होतो. मागे घेतली तर खालचा आणि जाड. घरमालकांचं म्हणणं, बाई चढ्या स्वरात गायच्या. चाचांचं म्हणणं, नाही, त्यांचा आवाज भरीव होता. घरमालकांनी टाइमकीपरचं स्टॉपवॉच काढलं, चाचांनी पेटी काढली. वाद वाढत गेला. शेवटी चाचा म्हणाले, "तू त्या बाईची पोरगी केलीस." हे म्हणाले, "आणि तू तिची म्हातारी केलीस." तबकडी तेव्हा रोह्यात होती. ती रोह्यातच राहिली.

आम्ही राहायला गेलो तेव्हा त्याला सात वर्षं झाली होती. काकू म्हणायच्या, "ती बाई जाऊन किती काळ लोटला देव जाणे, आणि तिचा आवाज बारीक का जाड ह्याच्यावरनं हे दोन म्हातारे बोलत नायत."

आमच्या चौथ्या उन्हाळ्यात काकू एकदा दुपारी वर आल्या. म्हणाल्या, हे हल्ली हाक मारली तर ओ देत नाहीत. आधी वाटलं, भांडण झालंय. मग लक्षात आलं की भांडणाशिवायच ओ देत नाहीत. आम्ही त्यांना पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली, डावीकडे बरी आणि उजवीकडे घसरत गेलेली. वयाबरोबर कान जातात तेव्हा आधी चढे स्वर जातात, खालचे जरा टिकतात, असं ते म्हणाले. यंत्र लावायला सांगितलं, ते त्यांनी तूर्त टाळलं. घरमालकांनी तो कागद सगळ्या प्रवासात हातात धरून ठेवला. गाडी नागोठण्याच्या पुढे आली तेव्हा मला म्हणाले, "मास्तरीण, म्हणजे मी चढाच वेग लावत होतो, ते चढे स्वर कानाला कमी यायला लागले होते म्हणून का हो?"

गणिताच्या बाईला उत्तर सुचलं नाही की फार वाईट वाटतं.

त्यानंतर आठवडाभर ते पाच वाजता नुसतेच ग्रामोफोनसमोर बसायचे. एका सकाळी मी निघताना त्यांनी माझ्या हातात एक पत्र्याचा डबा दिला. रोह्याचे पातळ पोहे, काठोकाठ. "कतारला द्या."

डबा पोह्यांच्या मानाने जड होता. मी विचारलं. त्यांनी मान फिरवली आणि मग हळूच सांगितलं. पोह्यांच्या मधोमध ती तबकडी होती, काकूंच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत शिवलेली. पोह्यांसारखी मऊ गादी नाही, हे त्यांचं संशोधन.

"चिठ्ठी नाही?"

"त्याला कळंल. मी पाठवली म्हणजे काय म्हणतोय ते त्याला कळंल. तुम्ही कोणाला काही सांगू नका. नुसता डबा द्या. घेतली तर घेतली. परत पाठवली तर..." अकरा वर्षांनी माणूस माफी मागत होता आणि तीही पोह्यांत लपवून.

दुपारी शाळा सुटल्यावर मी चाचांकडे गेले. चाचा अलिबागला कामाला गेले होते. चाचींनी डबा घेतला, सरबत दिलं, रोह्याचे पोहे म्हणून खूश झाल्या. आत काय आहे ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण कोणाला सांगू नका म्हणून बजावलेलं. मी आज्ञाधारकपणे गप्प राहिले. एरवी मी कोणाचं ऐकत नाही, नेमकं त्या दिवशी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत चाचांचा निरोप आला, लगेच या. मी मधल्या सुट्टीत धावत गेले. चाचा गच्चीवर उकिडवे बसले होते. एका बाजूला चादरीवर पोहे पसरले होते. आलेल्या पोह्यांना ऊन दाखवल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, ही चाचींची पद्धत, आणि चांगलीच पद्धत आहे. शेजारी कैरीच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवली होती. आणि बरणीच्या तोंडावर, झाकणासारखी, ती तबकडी. मधला भाग बरणीवर टेकलेला आणि चारी बाजूंनी कडा खाली ओघळलेल्या. उघडलेली छत्री असावी तशी.

चाचींच्या डोळ्यांत पाणी होतं. "सपाट बाजू वर होती, कागदपण नाय, मला वाटलं झाकणी हाय गो. पिशवी मळली होती म्हणून धुवाय टाकली. मधी भोक बघितलं, म्हटलं चांगलं हाय, वाफ जाईल."

त्यांना काय बोलायचं? चूक माझी होती. एक वाक्य बोलले असते तर चाचींनी ती तबकडी देव्हाऱ्यासारखी जपली असती. सगळ्या जगात असेल नसेल ती एक, आणि ती लोणच्याच्या वाफेवर गेली.

चाचांनी मात्र विचारलं, "घड्याळानं स्वतः दिली? हातानं?"

"स्वतः."

"काय बोलला?"

"काही नाही. कान गेलेत त्यांचे, चाचा. चढे स्वर ऐकू येत नाहीत."

चाचा उठले. त्यांनी तबकडी बरणीवरून अलगद उचलली, वास घेतला आणि म्हणाले, "चार दिवस दे मला. काचेखाली घालतो. उन्हानं वाकली ती उन्हानंच सरळ होईल. पण त्याला आत्ता सांगू नकोस. तुटली तर मग सांगू."

त्यांनी दुकानातून शोकेसच्या दोन जाड काचा आणल्या. एक खाली, मधे तबकडी, दुसरी वर, आणि सगळं गच्चीवर. ह्या जुन्या तबकड्या लाखेच्या; ऊन लागून लाख मऊ होते आणि काचेच्या वजनाने बसते. पण घाई केली तर चिरते. म्हणून दर थोड्या वेळाने चाचा वर जाऊन बोटाने काच चाचपायचे, फार तापली की सावलीत ओढायचे. दुकान त्यांनी चार दिवस बंद ठेवलं. मी रोज मधल्या सुट्टीत जायचे. त्यांचा ग्रामोफोन मी तेव्हा बघितला. त्याच्या खिटीजवळ रंगाचे दोन ठिपके होते, एक लाल, एक पांढरा. मी विचारलं तर म्हणाले, "लाल माझा वेग. पांढरा त्या घड्याळाचा. तो इथं ऐकायला यायचा तेव्हा त्याच्या वेगानं लावायची म्हणून केला होता. अकरा वर्षं पांढऱ्याला हात नाय लावला."

इकडे अष्टमीत मी पूल ओलांडून घरी आले की घरमालक दारातच उभे असत. "काय बोलला?"

"अजून ऐकली नाही म्हणाले." पहिल्या दिवशी हे खपलं. दुसऱ्या दिवशी मी सुया संपल्या असं सांगितलं, तर त्यांनी लगेच काट्यांची डबी पुढे केली, उद्या घेऊन जा म्हणून. तिसऱ्या दिवशी मी चाचा कामात आहेत असं काहीतरी पुटपुटले. त्यांना ते ऐकूही आलं नसेल, पण चेहरा वाचता येत होता. ते "बरं" म्हणून आत गेले.

चौथ्या दिवशी, शाळेला सुट्टी होती, सकाळी काकू धापा टाकत वर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "गो, ह्यांनी ताटाळं रिकामं केलंय. मला बोलले, तुझी ताटं लाव परत. चाळीस वर्षं मी ह्याचीच वाट बघितली आणि आता माझा हातच नाय उचलत. काय झालंय तिकडं पेणात? तुला म्हायतीय."

मी अनवाणी खाली गेले. तबकड्या जमिनीवर जुन्या चादरीत बांधलेल्या होत्या. ते ग्रामोफोनचा कर्णा काढून पुसत होते, माळ्यावर टाकायला. आवाज ऐकू येत नाही आणि दोस्ताला पाठवलेली वस्तू त्याने साधी उघडूनही बघितली नाही, मग ठेवून काय करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि तो चुकीचा हिशेब माझ्या खोटेपणावर मांडलेला होता. मला स्वतःची इतकी चीड आली की मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

ते म्हणाले, "काय?"

मी मोठ्याने सांगितलं.

"काय? कशावर ठेवली?"

"लोणच्याच्या बरणीवर!" मी ओरडले. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "चाचींनी झाकण म्हणून ठेवली! वाकली! चाचा काचेखाली घालून सरळ करतायत! चार दिवस दुकान बंद ठेवून बसलेत!"

मला वाटलं, आता घरमालक कर्णा टाकतील, छातीला हात लावतील.

"दुकान बंद ठेवलं?" ते म्हणाले. "कतारनं?"

"हो!"

"म्हणजे परत पाठवायची नव्हती त्याला?"

"नाही हो!"

"अगो, मग एवढंच ना!" आणि ते हसायला लागले. कर्णा मांडीवर धरून असे हसले की कर्ण्यातूनसुद्धा हसू आल्यासारखं वाटलं. मग पायांत चपला सरकवल्या, डबी खिशात टाकली. "गाडी किती वाजता हाय?" मला तिथेच, त्या समोरच्या दुकानदारादेखत, रडू आलं.

गाडीत ते खिडकीशी बसले. कासूच्या आसपास मला म्हणाले, "त्याचाच वेग खरा असंल. माझ्या कानांची साक्ष आता बाद. आज त्याला बोलणार, तुझा वेग लाव. आणि ऐकू येवो न येवो, तुझं बरोबर होतं असंही बोलणार. मास्तरीण, तुम्ही मधे बोलायचं नाय."

चाचांच्या दारात दोघे म्हातारे समोरासमोर आले तेव्हा काय होईल याची मी फार कल्पना केली होती. तसलं काही झालं नाही. चाचा म्हणाले, "उशीर केलास." हे म्हणाले, "नोंद करून ठेव." आणि दोघे आत गेले. चाचींनी पोहे पुढे केले, आमचेच.

तबकडी सरळ झाली होती, अगदी नाही, पण झाली होती. कडेला एक हलकी लाट राहिली होती. घरमालकांनी ती हातात घेतली, डोळ्यांसमोर आडवी धरली, मग नाकाशी नेली. "हिंग," ते म्हणाले. चाची पदराआड हसल्या. तेवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

चाचांनी चावी दिली. घरमालकांनी डबीतून काटा काढून बसवला आणि कर्ण्याच्या अगदी तोंडाशी स्टूल ओढून, कान आत घालतात की काय असे बसले. तिथून त्यांना खिटी दिसत नव्हती. "तुझा वेग लाव रे," ते म्हणाले.

"हां," चाचा म्हणाले.

मी चाचांच्या बाजूला उभी होते. त्यांचा अंगठा लाल ठिपक्यावरून पुढे गेला आणि पांढऱ्यावर थांबला. मी गणित शिकवते, दोन ठिपक्यांतला फरक मला कळतो. चाचांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मला गाडीत बजावलंच होतं, मधे बोलायचं नाही म्हणून. मी नाही बोलले. ह्या वेळी गप्प राहण्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

काटा त्या लाटेवर चढत-उतरत होता, खाडीतल्या होडीसारखा. पण आवाज आला. बाई गायल्या, तीन मिनिटं, घाईघाईने, एकही गोष्ट न सोडता. घरमालक डोळे मिटून होते. त्यांच्यापर्यंत त्यातलं किती पोचत होतं देव जाणे. गाणं संपलं, आणि बाईंनी नाव सांगितलं.

ते बसूनच राहिले.

चार वर्षांत मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. नाव ऐकूच आलं नव्हतं त्यांना. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, आमचे चेहरे बघितले. "संपली?" मग लगेच सावरून चाचांना म्हणाले, "बघ. तुझाच वेग बरोबर होता."

"होताच," चाचा म्हणाले. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. त्यानंतर मी ही गोष्ट आज पहिल्यांदा सांगते आहे. घरमालक अजून ठणठणीत आहेत, पण हे वाचणार नाहीत. तीन मिनिटांपेक्षा लांब काही ते वाचत नाहीत.

मग त्यांनी आपलाच नियम मोडला. "परत लाव," ते म्हणाले.

नवा काटा, नवी चावी, पुन्हा पांढरा ठिपका. ह्या वेळी चाचा त्यांच्या शेजारी दुसरं स्टूल घेऊन बसले. बाई पुन्हा गायल्या. आणि गाणं संपून त्यांनी नाव घ्यायला सुरुवात केली त्याच क्षणी चाचांनी ह्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

घरमालक ताडकन उठले. हात जोडले. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम अष्टमी. आवाज खणखणीत, गेटवर हजेरी घेणाऱ्याचा.

तरुणपणी ह्याच सवयीवरून चाचांनी त्यांची पोटभर टिंगल केलेली, काकूंनी मला सांगितलं होतं. ते चाचा आता गुडघ्यावर हात टेकत उभे राहिले आणि त्यांनीही कर्ण्याला आपलं नाव सांगितलं. वडिलांचं नाव. मुक्काम पेण.

खरखर चालूच होती. दोघे माझ्याकडे बघायला लागले. मला कळेना, हसू का काय करू. माझ्या घरी मला हे शिकवलं नव्हतं. पण बाईंनी पुढेमागे बापाचं, नवऱ्याचं, कोणाचंही नाव न लावता नुसतं आपलं एकटीचं नाव सांगितलं होतं. मी चपला काढल्या, हात जोडले आणि नुसतं माझं नाव सांगितलं.